यादीतल्या ४१ वस्तूंबद्दल : आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यकारिणी सदस्य आणि विश्वस्त,

स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी मंडळाच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागला. ‘इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करावयाची असल्याने पहिल्या मजल्यावरील हॉल व माळ्यावरील जुने निरुपयोगी सामान दि. ३१ मे रोजी भंगारात काढण्यात येईल.’ खाली ४१ वस्तूंची यादी, सही आणि शिक्का. मी मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि रात्री दुकानाचं शटर ओढल्यावर यादी घेऊन बसलो. प्रत्येक वस्तूपुढे ती चालते की नाही, हे लिहून काढलं. यातल्या बहुतेक वस्तू गेल्या वीस वर्षांत कधी ना कधी माझ्याच हातून दुरुस्त झाल्या आहेत, म्हणून मला ते लिहिता आलं. ४१पैकी २६ वस्तू आजही चालू आहेत. नऊ दुरुस्त होतील. सहा खरोखरच गेल्या आहेत, त्यांच्यासाठी मी भांडणार नाही. उरलेल्या पस्तीस वस्तूंना ‘निरुपयोगी’ हा शब्द लागू होत नाही.

याआधी मी दोन लेखी अर्ज दिले. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. लालबाग, काळाचौकी, करी रोड, शिवडी इथल्या गल्लीगल्लीत आपल्यासारखी मंडळं आहेत, त्यांच्याही इमारती एकामागून एक खाली होतायत, आणि त्यांच्याही माळ्यांवर असंच काहीबाही पडून आहे. त्यांच्या कार्यकारिणींनीही हे वाचावं अशी माझी इच्छा आहे.

माझा या सामानाशी काय संबंध, ते आधी सांगतो. माझा जन्म १९८२चा. त्याच वर्षी १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि माझ्या वडिलांचं काम गेलं ते कायमचं. पुढे त्यांनी हमाली केली, रात्रपाळीची वॉचमनकी केली, पण पहाटे तालमीत उतरायचं सोडलं नाही. हौद्यातली माती खणून मऊ ठेवायची, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालायचं, वस्ताद गावी गेले की पोरांकडून जोर-बैठका काढून घ्यायच्या, हे त्यांच्याकडे होतं. त्याचा एक पैसा मिळत नसे. मान मिळे, आणि संपानंतर आमच्या घरात तेवढाच शिल्लक होता.

मी खाली मातीत आणि वर हॉलमध्ये, असा दोन मजल्यांवर वाढलो. केबल आली तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होतो. आमच्या चाळीत केबल एकाच घरात होती आणि त्या घरातली आजी साडेआठला टीव्ही बंद करायची. मंडळाने गणेशोत्सवाच्या शिल्लकीतून मोठा टीव्ही घेतला आणि सगळी गल्ली वर येऊन बसू लागली. डब्ल्यूडब्ल्यूएफ, म्हणजे अमेरिकेतली ती रिंगमधली कुस्ती, लागली की दारात चपलांचा ढीग व्हायचा. पुढे दुबईहून आलेल्या एका सभासदाने टीव्ही गेम आणून दिला. त्याची पिवळी कॅसेट, तिच्यावर छापलेलं ‘९९९९९९९ इन १’, आणि आत खरे खेळ वीसच्या आसपास. बाकी तेच ते, नाव बदलून. कॉन्ट्रा, मारिओ, सर्कस, रोड फायटर, बॅटल सिटीची रणगाड्यांची गेम, बदकांवर गोळ्या झाडायची बंदूक. तीस पोरं आणि दोन रिमोट. लाइफ गेली की रिमोट पुढच्याच्या हातात, हा नियम. वडील-धाकटं, गरीब-श्रीमंत, अध्यक्षांचा मुलगा-झाडूवाल्याचा मुलगा, कुणालाही त्यातून सूट नव्हती. माझ्या आयुष्यात तितक्या काटेकोरपणे पाळलेला दुसरा नियम मी पाहिलेला नाही.

एक नियम मात्र चुकीचा होता. मुलींना संध्याकाळी हॉलमध्ये येऊ देत नसत. माझी बहीण दुपारी दोन ते चार, हॉल रिकामा असताना, एकटी खेळायची. रोड फायटरमध्ये तिच्यापुढे गेलेला कुणी मी पाहिला नाही, पण तिला खेळताना पाहिलेलेच लोक चार-पाच. मी तेव्हा त्याविरुद्ध एक शब्द बोललो नाही. या पत्राच्या शेवटी ज्या मागण्या आहेत त्यातली एक त्यासाठी आहे.

पुढे सतराव्या वर्षी मी लॅमिंग्टन रोडला एका टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे हेल्पर लागलो. सोल्डरिंग शिकलो ते आपल्याच हॉलमधला गेम सारखा बंद पडायचा म्हणून. आज माझं स्वतःचं दुकान आहे. दिवसभर एलईडीचे पॅनल आणि बॅकलाइट बदलतो. हे पोट भरायचं काम. आपल्या माळ्यावरच्या सामानावर मी जे करत आलो ते या मंडळाचं माझ्यावर असलेलं देणं समजून.

आता तक्रारी.

पहिली, यादीतल्या क्रमांक १ बद्दल. ‘जुना टीव्ही, मोठा – १’. हा २९ इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही आहे आणि तो चालतो. तुम्ही म्हणाल, नव्या हॉलमध्ये ५५ इंची घेऊ, गेम त्याला जोडा. जोडून पाहा. बदकांची बंदूक त्यावर एक बदक मारणार नाही. कारण त्या बंदुकीतून काहीच बाहेर जात नाही. तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा आहे. ट्रिगर दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. त्या नेमक्या क्षणी बंदुकीला तो पांढरा प्रकाश दिसला तर बदक पडलं. पिक्चर ट्यूबवर तो चौकोन त्याच क्षणी पेटतो. नव्या टीव्हीत चित्र आधी प्रोसेसरमधून फिरून येतं, तोवर क्षण गेलेला असतो. मारिओची उडी, कॉन्ट्रातली गोळी चुकवणं, यांचंही तेच. बटण दाबल्यावर चित्र हलायला जो उशीर लागतो तो डोळ्यांना जाणवत नाही, बोटांना जाणवतो. तुमची मुलं ‘हा गेम फार अवघड आहे’ म्हणून रिमोट टाकतात तेव्हा बऱ्याचदा गेम अवघड नसतो, टीव्ही उशीर करत असतो.

आणि भंगारवाला या टीव्हीचं काय करणार, तेही सांगतो, कारण मी रोज पाहतो. तो ट्यूबची मान फोडणार, मागचं योक काढणार, त्यातली तांब्याची तार सोडवणार. बाकीची काच नाल्याच्या कडेला. त्या काचेत शिसं असतं. ई-कचऱ्याचे नियम आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. भंगारवाल्याला रोख पैसे घेऊन टीव्ही देणं त्या नियमांत बसत नाही, हेही माहीत असायला हवं.

दुसरी तक्रार क्रमांक २३ बद्दल. ‘व्हिडिओ कॅसेट, बुरशी आलेल्या – २ खोकी’. यातल्या सगळ्याच कॅसेट वाचवण्यासारख्या नाहीत. केबलवरून उतरवलेले सिनेमे जाऊ द्या. पण दुसऱ्या खोक्यात अकरा कॅसेट्स अशा आहेत ज्यांच्या बाजूवर निळ्या शाईत ‘हनुमान जयंती कुस्त्या’ आणि साल लिहिलेलं आहे, १९९१पासून २००१पर्यंत. आपल्याच हौद्यातल्या, आपल्याच पोरांच्या, लग्नाची शूटिंग करणाऱ्या माणसाला बोलावून काढून घेतलेल्या. जगात त्यांची दुसरी प्रत नाही. १९९३च्या कॅसेटमध्ये माझे वडील आहेत. कुस्ती करताना नाहीत, हलगीवाल्याच्या शेजारी उभे राहून दोन्ही पैलवानांच्या हातात माती देताना. चार-पाच सेकंद असतील. वडिलांचे फोटो घरात आहेत, पण हलणारे वडील एवढेच.

मुंबईची दमट हवा टेपची वैरी आहे. बुरशी आलेली टेप तशीच मशीनमध्ये घातली तर बुरशी हेडवर बसते आणि टेप फाटते. आधी कोरडी करून, साफ करून मग चालवावी लागते. हे होतं, मी केलेलं आहे. पण मशीनच संपत चाललीत. जगात व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी जपानची फुनाई, तिने २०१६च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवलं. आता जे व्हीसीआर आहेत ते एकाचे पार्ट काढून दुसऱ्याला घालून जगवलेले. म्हणजे ‘नंतर बघू’ म्हणायला वेळ उरलेला नाही. कॉपीराइटचा प्रश्न बैठकीत कुणीतरी काढला होता. आपण आपल्या पैशांनी काढून घेतलेल्या आपल्या कुस्त्यांची प्रत करायला कोण आडवा येणार आहे?

तिसरी तक्रार मला सगळ्यात जास्त लागलेली आहे, म्हणून तिच्यावर जरा थांबतो.

मागच्या बैठकीत एका ज्येष्ठ विश्वस्तांनी म्हटलं, ‘दंगलीची जुनी पोस्टरं ठेवा, पण ते डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते आणि कॅसेट कशाला? ती सगळी नुरा कुस्ती.’ सगळे हसले. काका, मी तुमच्यासमोर लहानाचा मोठा झालो, आणि पूर्ण आदराने सांगतो, तुम्ही शब्द चुकीचा वापरलात. नुरा कुस्ती म्हणजे निकाली कुस्ती आहे असं सांगून पैसे घ्यायचे आणि दोघांनी आतून ठरवून खेळायची. त्यात फसवणूक आहे. डब्ल्यूडब्ल्यूएफने आपला खेळ ठरवलेला असतो हे १९८९ सालीच अमेरिकेत न्यू जर्सीच्या सिनेटपुढे स्वतः सांगून टाकलं होतं. आपल्या हॉलमध्ये केबल यायच्या आधीच. डब्ल्यूडब्ल्यूएफची तुलनाच करायची तर दशावताराशी करा. आपल्या गल्लीत अर्धी माणसं मालवण-कुडाळकडची आहेत. संकासूर मरणार हे आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना माहीत असतं, म्हणून कुणी मांडवातून उठून जातं का? तलवार लाकडाची आहे म्हणून त्या नटाचा घाम खोटा होतो का?

आमचे वस्ताद हे ओळखून होते. हल्क होगनची लढत लागली की ते तंबाखू मळत बसायचे. ब्रेट हार्टची लागली की पुढे सरकायचे. ‘बघा, पाय धरताना वजन कुठं टाकतो ते बघा.’ त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की ब्रेट हार्ट कॅनडातल्या कॅलगरीत त्याच्या वडिलांच्या घराच्या तळघरात कुस्ती शिकला, जिथे वडिलांनी, स्टू हार्टने, कित्येक पोरं घडवली. मला ते पुढे वाचून कळलं. वस्तादांना ते पकड बघून कळलं होतं. तळघर म्हणा, तालीम म्हणा, एक म्हातारा आणि घामाचा वास आलेली जमीन, हे तिकडेही तसंच. कर्ट अँगल १९९६च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेऊन त्या रिंगमध्ये आला होता. खाशाबा जाधवांनी १९५२ला हेलसिंकीत कांस्य आणलं ते याच फ्रीस्टाइलमध्ये. वस्ताद आम्हाला पडायला शिकवायचे, हनुवटी छातीला, तळहात जमिनीवर. आणि मग टीव्हीकडे बोट दाखवून म्हणायचे की हा माणूस वर्षातून शेकडो वेळा असा पडतो, तुम्ही दिवसातून दहा वेळा पडायला रडता.

आणि पडण्याची किंमत काय असते तेही त्याच टीव्हीमुळे कळलं. २३ मे १९९९ला कॅन्सस सिटीत ब्रेटचा धाकटा भाऊ ओवेन हार्ट छतावरून रिंगमध्ये उतरताना खाली कोसळला आणि गेला. त्याला बाहेर नेल्यावर कार्यक्रम पुढे चालू ठेवला गेला. माझ्या मते त्या कंपनीची ती सर्वांत मोठी चूक आहे आणि मी त्यानंतर वर्षभर कुस्ती पाहिली नाही. चाहता म्हणून सगळं गोड मानून घेणारा मी नाही.

पूर्वी दारासिंगच्या फ्रीस्टाइल कुस्त्यांनाही लोक हेच म्हणत. तरी वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर किंग काँग नावाच्या पैलवानाला बघायला याच गिरणगावातून माणसं चालत गेली. १९६८मध्ये दारासिंगने मुंबईत अमेरिकी पैलवान लू थेझला हरवलं, ती रात्र अजून सांगणारी दोन माणसं आपल्या गल्लीत आहेत. यादीत क्रमांक १२ला ‘जुनी पोस्टरे – रद्दी’ असं लिहिलंय. त्या रद्दीत किंग काँगचा चेहरा छापलेलं एक हँडबिल आहे. मी ते २००९ला कापडात गुंडाळून ठेवलं होतं. ते रद्दीच्या भावाने किलोवर जाणार आहे का? मग तुमचं ‘दंगलीची पोस्टरं ठेवा’ हे कुठल्या पोस्टरांबद्दल होतं?

क्रमांक १७, ‘पत्ते, जुने – १ डबा’. हे डब्ल्यूडब्ल्यूएफचे ट्रम्प कार्ड. उंची, वजन, छाती, दंड, लढती. आमच्यातली निम्मी पोरं इंग्रजी आकडे आणि फूट-इंच त्यावर शिकली. १९९४च्या जानेवारीत अंडरटेकर नावाच्या पैलवानाला शवपेटीत घालून ‘मारला’ तेव्हा त्याचा पत्ता खेळातून बाद करायचा की नाही, यावर या हॉलमध्ये खरीखुरी सभा झाली होती. ऑगस्टमध्ये तो परत आला. तोही दोन-दोन, एक खरा आणि एक ब्रायन ली नावाच्या दुसऱ्या पैलवानाने रंगवलेला. ‘अंडरटेकरला सात जीव आहेत’ ही अफवा मुंबईत ज्याने लहानपणी ऐकली नाही तो माझ्या वयाचा नाही. दोन वर्षांनी हिंदी सिनेमात जो ‘अंडरटेकर’ दिसला तोही हाच ब्रायन ली होता, हे सांगितल्यावर आजही माझ्या दुकानात माणसं वाद घालतात.

चौथी तक्रार थोडक्यात. नव्या नकाशात तळमजल्याला एसी जिम आणि मल्टिपर्पज हॉल दाखवलाय. हौदा कुठेच नाही. यंदाही आपल्याकडे कुस्ती शिकायला चौदा मुलं येतात. टाइल्सवर ढाक आणि धोबीपछाड हे डाव शिकवता येत नाहीत, मॅटवर येतात, पण मॅटही नकाशात नाही. बिल्डरने दाखवलेला नकाशा तुम्ही सही करण्याआधी वस्तादांना दाखवला होता का?

पाचवी. ‘आता सगळं ऑनलाइन मिळतं.’ हे वाक्य मला बैठकीत तीन जणांनी ऐकवलं. ते खरं नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ला पाहणी केली, तेव्हा तिकडे २०१०पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात अधिकृतपणे मिळत नसल्याचं निघालं. ही तिथली स्थिती, जिथे म्युझियमं आहेत, वकील आहेत, पैसा आहे. आपल्या क्रमांक ४ आणि ५ची गोष्ट घ्या, ‘पार्लरची मशीन, लाकडी – २’. कोपऱ्यावरचं व्हिडिओ गेमचं पार्लर बंद झालं तेव्हा मालकाने थकलेल्या भाड्यापोटी ती हॉलमध्ये टाकली. त्यातल्या एकात मुस्तफाची गेम आहे. खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉम कंपनीची, १९९३ची. पण मुंबईत ती पिवळ्या टोपीवाल्या मुस्तफाच्याच नावाने ओळखली गेली, कारण धावत येऊन लाथ मारावी तर त्यानेच. एक रुपयाच्या नाण्यात शेवटच्या स्टेजपर्यंत जाणारी पोरं या भागात होऊन गेली. ती गेम घरी टीव्हीला जोडायच्या कुठल्याही गेम मशीनवर अधिकृतपणे कधीच निघाली नाही. ती खेळायची तर मशीनमधला तो सर्किट बोर्ड हवा. त्या बोर्डवर एक छोटी बॅटरी आहे, तिच्या जोरावर आतला कुलूपबंद प्रोग्राम उघडणारी किल्ली टिकते. बॅटरी उतरली की बोर्ड नीट चालत नाही. मी ती वेळेवर बदलली म्हणून आपली गेम आज बोलते. बोर्डला पडदा आणि बटणं जोडणारी, मशीनमधली छप्पन पिनांची जामा वायरिंगही मी नव्याने ओढली, तीन रविवार लागले. भंगारवाला त्याला ‘लाकूड अधिक वायर’ समजून घेईल.

आणि जे ऑनलाइन आहे तेही आपलं नसतं. ‘द क्रू’ नावाचा गाड्यांचा खेळ लोकांनी पैसे मोजून घेतला होता. २०२४च्या मार्चअखेर कंपनीने सर्व्हर बंद केला आणि विकत घेतलेला खेळ लोकांच्या घरात मेला. आपली पिवळी कॅसेट तीस वर्षांनंतर कुणाची परवानगी न विचारता चालू होते. कुस्तीचंही तसंच झालं. एके काळी केबलच्या महिन्याच्या पैशांत गल्लीभर बघायची. आता महिन्याची वर्गणी, आणि ती एकेका फोनवर, एकेकट्याने. हॉलमध्ये चाळीस जणांनी एकदम ‘वन, टू’ मोजायचं आणि तिसऱ्याला खांदा उचलला की छप्पर उडवायचं, ते त्यात नाही. मॉलमध्ये ‘रेट्रो नाइट’ म्हणून जे करतात तेही मी दोनदा जाऊन पाहिलं. एका डबीत दहा हजार गेम भरलेल्या, प्रत्येक जण तीन मिनिटं खेळतो, सेल्फी काढतो, पुढे जातो. ज्याला वाट बघावी लागली नाही त्याला तो खेळ मिळालाच नाही, असं माझं ठाम मत आहे.

कार्यकारिणीने एकदा घेतलेला निर्णय फिरवायचा कसा, हा प्रश्न मला खासगीत विचारला गेला. फिरवता येतो. २०२१मध्ये सोनीने आपल्या प्लेस्टेशन ३ या गेम मशीनचं ऑनलाइन दुकान बंद करायचं जाहीर केलं होतं. चाहत्यांनी आवाज उठवला, आणि महिन्याच्या आत कंपनीने ‘आमचं चुकलं’ म्हणून निर्णय मागे घेतला. तिथे एवढी मोठी कंपनी होती. इथे तर तुम्ही मला नावाने हाक मारता आणि मी तुम्हाला काका, दादा म्हणतो.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

३१ मेला सामान भंगारात काढणं थांबवावं आणि तसं बोर्डावर लेखी लावावं. यादी पुन्हा करावी. ती करताना वस्ताद, वाचनालयाच्या मॅडम आणि मी, असे तिघे हजर असू. ज्या सहा वस्तू गेल्या आहेत त्या मी स्वतः अधिकृत ई-कचरा केंद्रावर नेऊन पावती आणून देईन.

अकरा कॅसेट्स पावसाळ्याआधी, म्हणजे आत्ताच, माझ्या ताब्यात द्याव्यात. त्यांची प्रत करायचा खर्च माझा. प्रत मंडळाची, आणि ज्याच्या घरचा माणूस त्यात दिसेल त्याला एक प्रत फुकट.

इमारत उभी राहीपर्यंत सामान ठेवायला माझ्या दुकानाचा पोटमाळा देतो, भाडं नको. पार्लरची दोन मशीन तिथे मावणार नाहीत, त्यांच्यासाठी संक्रमण शिबिरातल्या मंडळाच्या खोलीचा एक कोपरा हवा.

नव्या इमारतीच्या तळमजल्यावर हौद्याची जागा नकाशात आणावी. वर एक खोली हवी, दहा बाय बाराची चालेल, खिडकी असावी, अर्थिंग नीट असावं. काचेच्या कपाटात सामान मांडून त्याला कुलूप लावणार असाल तर मात्र ती खोली नको. या वस्तू चालवल्या तरच टिकतात. महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या सेटमधले कपॅसिटर आधी जातात, पडून राहिलेल्या गेमच्या कॅसेटच्या पिनांवर हिरवं चढतं. दर रविवारी नऊ ते एक खोली उघडी राहील, मी येईन, गल्लीतल्या कुणाला शिकायचं असेल तर त्याला सोल्डरिंग शिकवीन. नियम जुनाच, लाइफ गेली की रिमोट पुढच्याच्या हातात. आणि मुली-मुलगे एकाच वेळेला, एकाच रांगेत. हे लेखी नियमावलीत यावं. माझी बहीण आता ठाण्याला असते. पहिल्या रविवारी पहिला रिमोट तिच्या हातात द्यायचा आहे, एवढी सवलत मी मागून घेतो.

मला मंडळाकडून पैसे नकोत. बोर्डावर नाव नको.

शनिवारपर्यंत उत्तर मिळावं. रविवारी सकाळी नऊ वाजता मी हॉलच्या दाराशी असेन. किल्ली सेक्रेटरींकडे असते, त्यांनी येताना आणावी.

आपला,
मंडळाचा एक जुना सभासद
(टीव्ही दुरुस्तीवाला)

ता. क. : हे ठरेपर्यंत खोकी माळ्यावरून काढून जिन्याखाली ठेवू नयेत. पहिल्या पावसात तिथे घोटाभर पाणी येतं.